लळा (बाल-पालक अनुबंध)

तान्हे मूल आणि त्याला रोज हाताळणारे माणूस यांच्यात पहिल्या दीड-दोन वर्षांत जुळणारे घट्ट नाते. मानसशास्त्रात याला अनुबंध म्हणतात. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालातून हा विषय पुढे आला. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात, मग अमेरिकेत घरोघरी बसून आया-बाळांचे निरीक्षण केले. लळा नुसत्या दुधाने लागत नाही; बाळ रडल्यावर त्याला कोण, कसे जवळ घेते यावर तो ठरतो. आठ-नऊ महिन्यांचे मूल परक्याला पाहून आईचा पदर घट्ट धरते, त्याला हट्टी म्हणू नये. ती वाढीची खूण आहे.

सातारा-सांगलीकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. न्हाणीत आजी पाय लांब करून पाटावर बसते, बाळाला पायांवर पालथे घेते, तेल जिरवते, त्याच्याशी बोलत बोलत ऊन पाणी घालते. तेवढ्यात बाळंतिणीचा डोळा लागतो. या झोपेचे मोल फार मोठे. बाळाचे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत वाढते, मग उतरते. आणि नेमका त्याच सुमारास सव्वा महिना संपून बाई कामाला लागते. रडण्याने जीव मेटाकुटीला आला की एखाद्या क्षणी तान्ह्याला गदागदा हलवले जाते. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी बाळाला उताणे निजवून चार मिनिटे बाजूला जावे, शेजारणीला हाक मारावी.

अमेरिकेतील एल्मायरा येथे संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी 1970च्या दशकात गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत घरी परिचारिका पाठवल्या. पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा त्या घरांत मुलांच्या आबाळीच्या व मारहाणीच्या नोंदी कमी होत्या. आपल्याकडे दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी घरी येतात. पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. वजन-तापाबरोबर “रात्री झोप मिळते का गं?” हेही त्यांनी विचारायलाच हवे. मुलाचे हाल होताना दिसले, तर 1098 या क्रमांकावर कळवता येते.

कराड-वाळव्याच्या फडात बीडकडून आलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीच्या जोडप्याला, माहेरही जवळ नसते. आई मोळ्या बांधते, बाळ झोळीत असते, झोळीची दोरी सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हातात. बाळाला लळा लागतो तो तिचा. हंगामभर तिची शाळा मात्र गावाकडेच राहते.