नकाशाची झाडं: आयत एकमेकांवर चढू द्यायचे का?

नकाशावरची वस्तू पटकन सापडावी म्हणून संगणक जागेचे भाग पाडत जातो आणि ते झाडाच्या फांद्यांसारखे मांडतो. जागेचे चार-चार भाग करणारी क्वाडट्री १९७४ची, दोन-दोन भाग करणारी के-डी ट्री १९७५ची, आणि दोन्ही बिंदूंसाठी घडलेल्या. बिंदू विभाजनरेषेच्या या अंगाला असतो नाहीतर त्या अंगाला, प्रश्न मिटला. बहुभुज मात्र दोन्ही अंगांना पसरून बसतो. त्याला कुठल्या फांदीवर ठेवायचं, यात पुढची पंधरा वर्षं गेली. (त्याआधी १९६६ मध्ये कॅनडाच्या जमीन-नकाशांसाठी चौकोनांना झेडच्या वळणाने क्रमांक देण्याची युक्ती निघाली होती. ती अजून वापरात आहे, पण ते झाड नव्हे.)

वाद पेटला तो १९८४च्या आर-ट्रीवरून. तिने प्रत्येक बहुभुजाभोवती अक्षांना समांतर असा लहानात लहान आयत आखला, जवळचे आयत मोठ्या आयतात घातले आणि डेटाबेसमध्ये रुळलेल्या बी-ट्री या झाडासारखी सगळी पानं एका पातळीवर ठेवली. डिस्कवरच्या पेजमध्ये, म्हणजे एका वेळी वाचल्या जाणाऱ्या तुकड्यात, हे चपखल बसलं. त्यासाठी सवलत द्यावी लागली ती एवढीच, की आयत एकमेकांवर चढले तरी चालतील. तिरपी वाहणारी नदी घ्या. ती कर्णावरून जाते, बाकी आयत रिकामा, आणि त्या रिकाम्या जागेत शेजाऱ्यांचे आयत घुसलेले. तिथला एक बिंदू शोधायचा तर दोन-तीन फांद्या उतराव्या लागतात, आणि एखाद्या फांदीत हाती काहीच लागत नाही.

१९८७च्या आर-प्लस ट्रीने उलटी भूमिका घेतली: चढू द्यायचंच नाही, आडवा येईल तो आयत तोडायचा. बिंदू शोधायला एकच वाट उरली खरी, पण एकच बहुभुज अनेक पानांत नोंदला गेला. निकालात तो पुन्हा पुन्हा येणार, पुसायचा तर प्रत्येक पान गाठायला हवं. शिवाय एकाच बिंदूवर पानाच्या क्षमतेपेक्षा जास्त आयत आले की ते पान फोडताच येत नाही.

माझ्या मते याहून मोलाचं काम १९८५ मध्येच झालं होतं, ते उगाच मागे पडलं. पीएम क्वाडट्री खास बहुभुजी नकाशांसाठी होती आणि आयतांऐवजी थेट कडा साठवायची. तिच्या सर्वांत कडक रूपात एका चौकोनात फार तर एक शिरोबिंदू आणि त्याला भिडणाऱ्याच कडा. शिरोबिंदू नसेल तर एकच कड. नियम देखणा, पण दोन कडा अगदी जवळून गेल्या की झाड खोल खोल जातं. म्हणून मग पीएमआर आली: ठरावीक संख्येपेक्षा जास्त कडा झाल्या की चौकोन फोडायचा, पण एकदाच.

व्यवहारात जिंकली आर-ट्रीच. १९९०च्या आर-स्टार ट्रीने घुसखोरी आटोक्यात आणली. नोड (झाडाचं पान किंवा फांद्या फुटण्याची जागा) भरला की लगेच न फोडता मध्यापासून दूरच्या सुमारे ३० टक्के नोंदी काढून पुन्हा घालायच्या, ही तिची खास चाल. १९९५ मध्ये जिस्ट हा अशी झाडं बांधण्याचा सर्वसाधारण साचा आला. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसने २००६च्या ८.२ आवृत्तीत वेगळी आर-ट्री काढूनच टाकली, कारण तिचं काम जिस्टवर नव्याने लिहून झालं होतं. त्याच डेटाबेसला नकाशांची जोड देणाऱ्या पोस्टजीआयएसचा नेहमीचा इंडेक्सही (शोधासाठीची सूची) जिस्टवरच उभा आहे. आयत तिथेही एकमेकांवर चढतात, आणि झाडाने सुचवलेला बहुभुज खरोखर लागू पडतो का, हे नंतर त्याच्या कडांवरून तपासावंच लागतं.