बर्चचं खोड घासून धुताय? थांबा जरा

बागेतल्या बर्चचं खोड साबणपाण्याने घासून पांढरंशुभ्र करायचे व्हिडिओ येत असतात. शेवाळ हलक्या हाताने पुसलंत तर ठीक, पण ब्रशने खरवडून पापुद्रे सोलू नका, तो पांढरा रंग नुसता शोभेचा नाहीये.

आपला हिमालयातला भूर्ज म्हणजे बर्चच, आणि ही बहुतेक मंडळी कडक थंडीच्या प्रदेशातली. त्यांच्या सालीच्या बाहेरच्या मेलेल्या पेशींमध्ये बेट्युलिन नावाचं द्रव्य साठतं, काही जातींत तर बाहेरच्या सालीच्या वाळल्या वजनाच्या २० ते ३० टक्के. गंमत म्हणजे त्याला स्वतःला रंगच नाही! साखरेचा एकेक दाणा पारदर्शक पण ढीग पांढरा दिसतो ना, तसंच, बारीक स्फटिकांवरून प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं.

आता याचा झाडाला उपयोग काय? थंडीत झाडाच्या जिवंत पेशी गोठण्याची तयारी करून बसलेल्या असतात, म्हणजे आत साखर वाढवतात आणि पाणी हळूहळू पेशीबाहेर जाऊन तिथे बर्फ होतो, पेशी वाचते. पण दुपारी ऊन थेट खोडावर पडलं, शिवाय जमिनीवरच्या बर्फावरूनही परावर्तित झालं, की गडद खोड हवेपेक्षा बरंच जास्त तापतं, पेशींना वाटतं थंडी सरली, त्या ही तयारी सैल सोडतात, आणि सूर्य मावळला की तापमान धाडकन खाली येतं, पाण्याला बाहेर जायला वेळच मिळत नाही, बर्फ पेशीच्या आतच होतो आणि पेशी फुटते. साल उभी तडकते ती यामुळे. पांढरं खोड ऊन परतवतं, म्हणून तापतच कमी. फळबागेत खोडांना चुना लावतात त्यामागेही हाच हिशोब आहे.

भूर्जपत्रावर यंत्र लिहून विकणारे त्यात 'दैवी शक्ती' असल्याचं सांगतात. बेट्युलिन पाणी आणि बुरशी दूर ठेवतं म्हणून त्यावरची जुनी हस्तलिखितं शतकानुशतकं टिकली, बास. त्या ताईतांपायी जिवंत झाडं सोलली जातात.

लावायचं असेल तर आपल्या भागातली मूळ जातच घ्या. उत्तर अमेरिकेत ब्राँझ बर्च बोरर नावाचा भुंगा आहे, तिथले बर्च त्याच्यासोबतच उत्क्रांत झालेत त्यामुळे बऱ्यापैकी तग धरतात, युरोप-आशियातून नेलेले मात्र पटापट मरतात. बी मातीत पुरू नका, त्याला रुजायला उजेड लागतो, आधी काही आठवडे ओलसर थंडीत ठेवलंत तर अजून चांगलं. मुळं उथळ असतात, उन्हाळ्यात माती सुकू देऊ नका. आणि रोपाचं खोड तपकिरी दिसलं म्हणून नर्सरीवाल्याशी भांडू नका, पांढरेपणा यायला काही वर्षं जातात.