वानखेडे, वानखडे आणि कॅन्सर संशोधनाचं अनुदान

समजा, आर्वी तालुक्यातल्या एका गावात शेवंताबाई वानखेडे राहतात. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, तोंड पुरतं उघडेना, म्हणून आधी तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या. तिथून सेवाग्राम. तिथे तुकडा काढून तपासला. मग मुलाने नागपूरला नेलं आणि कुणीतरी सांगितलं म्हणून शेवटी मुंबईला, टाटाला. चार ठिकाणी चार केस पेपर झाले. एकावर वय ५५, दुसऱ्यावर ५८, तिसऱ्यावर 'अंदाजे ६०'. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग कुठे वानखेडे, कुठे वानखडे, आणि एका कारकुनाने तर 'डब्ल्यू'ऐवजी 'व्ही'ने सुरुवात केलेली. पत्ता दोन कागदांवर गावचा, एकावर नागपुरातल्या पुतण्याचा. आता जिल्ह्यात कॅन्सरचे रुग्ण किती, हे मोजणाऱ्याने ठरवायचं: या चार बाया की एकच?

हे मोजण्याचं काम कॅन्सर नोंदणी केंद्र करतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रम सुरू केला. वर्धा जिल्ह्याची नोंदणी २०१० पासून सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत होते. नोंदणीची माणसं दवाखाने आणि पॅथॉलॉजी लॅब पालथ्या घालतात, मृत्यूच्या नोंदी तपासतात आणि प्रत्येक रुग्णाला ठरलेले कोड देतात. गालाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर असेल तर 'सी ०६.०'. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख होती. एवढ्या जिल्ह्यात ५० नावं चुकून दोनदा मोजली गेली, तर लाखामागे जवळपास ४ रुग्ण नुसते कागदावर वाढतात. एखाद्या वर्षी कॅन्सर वाढला की कमी झाला, हा सगळा वाद कधीकधी एवढ्याच फरकाचा असतो.

दुहेरी नावं शोधायच्या युक्त्या जुन्याच आहेत. १९१८ साली अमेरिकेत रॉबर्ट रसेल याने 'साउंडेक्स' पद्धतीचं पेटंट घेतलं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. या हिशेबाने वानखेडे आणि वानखडे दोन्ही 'डब्ल्यू ५२३' होतात. पण 'व्ही'ने लिहिलेलं तेच आडनाव 'व्ही ५२३' होतं आणि शेवंताबाई लगेच दोन होतात. अमेरिकन नावांसाठी घडवलेली युक्ती आपल्या 'व'पाशी अडकली, ती अशी.

१९६९ साली फेलेगी आणि सुंटर या कॅनडातल्या संख्याशास्त्रज्ञांनी यापुढचा विचार गणितात मांडला. दोन नोंदींमधली प्रत्येक जुळणी सारख्या मोलाची नसते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे दोन कागदांवर 'मेश्राम' जुळलं तर त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही, तिकडे मेश्राम घरोघरी. क्वचित आढळणारं आडनाव जुळलं, तर त्याला जास्त गुण. गाव, वय, नवऱ्याचं नाव, आजाराचा कोड अशा सगळ्यांचे गुण बेरजेला घ्यायचे. बेरीज बरीच वर गेली तर एकच माणूस, बरीच खाली असेल तर वेगळी माणसं. मधल्या नोंदी माणसाने डोळ्यांखालून घालायच्या. आभा क्रमांक, म्हणजे प्रत्येकाला मिळणारा सरकारी डिजिटल आरोग्य क्रमांक, आल्यापासून काही नोंदी सोप्या झाल्या हे खरं, पण जुन्या केस पेपरांवर तो कुठला असणार?

तर वऱ्हाडी-झाडीपट्टीच्या आडनावांचे गुण ठरवायचे, मराठी आणि इंग्रजी लिखाण एकमेकांशी ताडून पाहायचं, माहेर-सासरच्या नावांची सोय करायची, हे सगळं करणारं एक साधन कुणीतरी बांधायला हवं. त्याला पैसा लागतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने २००४ मध्ये 'काबिग' नावाचा भलामोठा प्रकल्प काढला. देशभरच्या कॅन्सर संशोधनाची माहिती एका जाळ्यात आणायची होती. २०११ मध्ये त्याचा आढावा घेतला, तेव्हा समितीने त्यावर सडकून टीका केली: खर्च अफाट, आणि कितीतरी साधनं अशी की संशोधकांनी ती मागितलीच नव्हती. प्रकल्प गुंडाळला गेला. त्यानंतर त्याच संस्थेने 'आयटीसीआर' नावाची अनुदान योजना आणली, आणि मला तिची रचना फार शहाणपणाची वाटते. तिच्यात चार पायऱ्या आहेत. नवी गणिती पद्धत शोधायला वेगळा पैसा, तिचं सुरुवातीचं साधन बनवायला वेगळा, ते पक्कं करून पसरवायला वेगळा. चौथी पायरी म्हणजे चालू असलेलं साधन नुसतं चालू ठेवायला पैसा. जनुकांच्या माहितीसाठी जगभर वापरलं जाणारं 'सीबायोपोर्टल', डीएनएचे तुकडे पडद्यावर दाखवणारं 'आयजीव्ही', स्कॅनच्या चित्रांसाठीचं 'थ्रीडी स्लायसर' या मोफत साधनांना या योजनेतून आधार मिळाला.

ही चौथी पायरी आपल्याकडे कुणाच्या डोक्यात येत नाही. अनुदानाच्या अर्जात खर्चाचे रकाने ठरलेले: मनुष्यबळ, उपकरणं, प्रवास, किरकोळ. 'देखभाल' असा रकाना सापडला तर नशीब. प्रकल्प तीन वर्षांचा. मुदत संपली की कंत्राटी प्रोग्रॅमर पुण्याला जातो, सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याबरोबर जातो आणि मागे उरतं ते उपयोगिता प्रमाणपत्र. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या 'बिग' योजनेत नव्या कल्पनेला १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत पैसा मिळतो, तो चांगलाच आहे, पण तो पहिल्या पायरीचा. घर बांधायला कर्ज मिळतं, शाकारायला मिळत नाही, तसलाच प्रकार.

विदर्भाच्या बाबतीत हे जास्त बोचतं, कारण इथल्या कॅन्सरवर विज्ञान झालेलंच नाही असं नाही. पानठेल्यावर सुपारीची खांडं, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला खर्रा माणसं तासन् तास गालात धरून ठेवतात, आणि गाल-हिरड्यांच्या कॅन्सरची मुळं बरीचशी तिथे आहेत. याच कॅन्सरच्या जनुकांचा नकाशा भारतीय शास्त्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम प्रकल्पात काढला. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि टाटाचं खारघरचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक यात होते. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि या कॅन्सरमध्ये वारंवार बिघडणारी काही नवी जनुकं त्यातून पुढे आली. एका माणसाचा जीनोम ३०० कोटी अक्षरांचा. तो वाचायला यंत्रं आहेत, साधनं आहेत, त्यासाठी पैसाही उभा राहिला. पण असे रुग्ण कोणत्या तालुक्यात वाढताहेत, हे सांगायला शेवटी लागते ती नोंदणीच.

त्यात जुळवणीसाठीसुद्धा रुग्णांची नावं एका दवाखान्यातून बाहेर देता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. यावरही तोड निघालेली आहे. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलेल्या पद्धतीत नावाचे दोन-दोन अक्षरांचे तुकडे करतात आणि ते गुप्त किल्लीने शून्य-एकच्या पट्टीत उमटवतात. सेवाग्रामची पट्टी आणि नागपूरची पट्टी शेजारी ठेवली की किती खुणा जुळल्या ते मोजता येतं. नाव कुणालाच दिसत नाही. किल्ली सांभाळून ठेवली तर वानखेडे आणि वानखडे यांच्या पट्ट्या बऱ्याच सारख्या निघतात. 'व्ही' लिहिलं असेल तरी फक्त सुरुवातीचे तुकडे बदलतात, बाकीचे जागेवर राहतात. हे साध्या कॉम्प्युटरवर चालतं, इंटरनेट नसलं तरी. खर्च म्हणाल तर एक प्रोग्रॅमर, एक अनुभवी नोंदणी सहायक आणि दोघांचा पगार. फक्त तो तीन नाही, दहा वर्षांचा मागायला हवा.