पोतनीस

मराठेशाहीत सरकारी रोकड सांभाळणारा व तिचा हिशेब ठेवणारा अधिकारी. त्याच्या पदाला पोतनिशी म्हणत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस या आठ दरकदारांत (सरकारी हुद्देदारांत) त्याचे नाव बहुधा शेवटी येते. सरकारी कारभाराच्या बारा महालांपैकी (खात्यांपैकी) ‘पोते’ म्हणजे खजिना हा एक महालच होता. मात्र या याद्यांचा तपशील मुख्यतः उत्तरकालीन बखरींतून आलेला आहे. त्यामुळे ही मांडणी जशीच्या तशी शिवकालीन मानताना सावध राहावे.

व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. ‘नीस’ हे फार्सी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा याचे रूप, याविषयी वाद नाही. अडचण ‘पोत’ची आहे. काहींच्या मते हे मराठी ‘पोते’च होय. नाणी पोत्यांत भरून ठेवत, त्यावरून पोते म्हणजे खजिना. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) ‘पोते’चा हा लाक्षणिक अर्थ दिलेला आहे. दुसरा पक्ष फार्सी ‘फोता’ पुढे करतो. मोगल अमदानीत परगण्याच्या खजिनदाराला फोतादार म्हणत आणि काश्मीरमधील फोतेदार हे आडनाव त्याचीच आठवण आहे. पहिल्या पक्षाचा आक्षेप असा, की ‘फ’चा ‘प’ का व्हावा? पण बंगालकडील ‘पोद्दार’ हा शब्दही सामान्यतः फोतादारापासूनच आलेला मानतात, आणि तिथे तर मराठी पोत्याचा संबंध नाही. म्हणून मूळ फार्सी व त्यावर घरच्या पोत्याची छाया, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

जामदाराकडे जडजवाहीर, कापडचोपड अशा मौल्यवान वस्तू. पोतनिसाकडे निव्वळ रोकड. नाण्यांची पारख हे पोतदाराचे काम. ते साधे नव्हते, कारण पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे अनेक प्रकारचे रुपये एकाच वेळी चालत आणि त्यांवर वटाव (अदलाबदलीतील कसर) बसे. सरकारी भरण्यात जे नाणे घेतले जाई, ते ‘पोतेचाल’. जमाखर्चाच्या मेळाला ‘पोतेझाडा’ म्हणत. दरकदारांची नेमणूक हुजुरातून (मध्यवर्ती सरकारातून) होई. मामलेदाराला त्यांना परस्पर काढता येत नसे, आणि पैशावरचा खरा अंकुश हाच होता.

दरक (दरकदाराचे पद) वंशपरंपरेने चालू लागल्यावर, साधारणपणे शाहू छत्रपतींच्या काळापासून, काळजीवाहू कारभाऱ्याची गरज वारंवार पडू लागली. दरकदार अल्पवयी असला किंवा दूर असला, की त्याच्या नावे मुतालिक काम पाही. पद मूळ धन्याचे, लेखणी मुतालिकाची. ही प्रथा एकट्या पोतनिशीपुरती नव्हती. मोठ्या पदांवरही मुतालिक असत. छत्रपतींच्या दरबारातील ‘प्रतिनिधी’ या बड्या पदाधिकाऱ्याचे मुतालिक यमाजी शिवदेव यांनी १७५० मध्ये सांगोल्यात पेशव्यांविरुद्ध उठाव केला, यावरून मुतालिकाच्या हाती किती सत्ता एकवटू शके हे दिसते. पोतनिशीत तर धन्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या हाती थेट रोकड येई. म्हणून तिथे फडणीस-मुजुमदारांची नजर विशेष महत्त्वाची.

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि जिल्ह्याचा खजिना कलेक्टरांकडे गेला. गावगाड्यात पोतदारी बहुधा सोनाराकडे असे. पोतनीस आणि पोतदार ही दोन्ही आडनावे आजही प्रचलित आहेत. इतिहाससंशोधक महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार (१८९०–१९७९) हे त्यांतले सर्वपरिचित नाव.