शेरे उजवीकडून वाचायचे

डिसेंबर २००८. ब्रिटनमधल्या असंख्य लोकांना लॉग-इन न करता विकिपीडियावर एक ओळसुद्धा बदलता येईना. त्यांनी स्वतः काहीच केलं नव्हतं. इंटरनेट वॉच फाउंडेशन या तिथल्या संस्थेने विकिपीडियाचं एक पान त्यावरच्या एका चित्रामुळे काळ्या यादीत टाकलं होतं. ते पान अडवायचं म्हणून अनेक इंटरनेट कंपन्यांनी विकिपीडियाकडे जाणारी सगळी वाहतूक मोजक्या प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, यंत्रांमधून वळवली. त्यामुळे विकिपीडियाच्या सर्व्हरला प्रचंड संख्येने येणाऱ्या वाचकांच्या जागी मूठभर आयपी पत्ते (इंटरनेटवरच्या यंत्रांचे क्रमांक) दिसू लागले. त्यातल्या एखाद्या पत्त्यावरून कोणी खोडसाळपणा केला की तो पत्ता बंद, आणि त्याच्या आडोशाला असलेली निरपराध माणसंही बाहेर. ९ डिसेंबरला संस्थेने ते पान यादीतून काढलं आणि प्रकरण निवळलं.

‘आयपी कळला की माणूस कळला, घर कळलं’ असे संदेश आपल्याकडे व्हॉट्सॲपवर नेहमी फिरत असतात. ते वाचले की मला हा प्रसंग आठवतो. सर्व्हरला माणूस दिसतच नाही. त्याला फक्त आपल्याशी थेट जोडलेलं शेवटचं यंत्र दिसतं.

आता हा पत्ता मोजायची वेळ कधी येते ते पाहू. निकालाच्या दिवशी एखादा प्रोग्रॅम सेकंदाला शेकडो वेळा पान मागू लागला तर बाकीच्यांची वाट अडते. म्हणून सर्व्हर पत्त्यागणिक हिशोब ठेवतो. मर्यादा ओलांडली की ४२९ क्रमांकाचं उत्तर पाठवतो, म्हणजे ‘फार विनंत्या झाल्या, थांबा’. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, एकूण पत्तेही सुमारे ४२९ कोटीच आहेत. हा निव्वळ योगायोग आहे. नावातली अक्षरं मोजून भविष्य सांगणारे अशाच जुळण्यांवर लोकांना फसवतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

काही वर्षांपूर्वी मी एका प्रवेश-अर्जाच्या साइटवर अशी मर्यादा घातली होती, एका पत्त्याला मिनिटाला ६० विनंत्या. सकाळी दहाला अर्ज सुरू झाले आणि दहा वाजून पाच मिनिटांनी फोन खणखणू लागले. लॉग, म्हणजे आलेल्या विनंत्यांची नोंद, उघडला तर ओळीमागून ओळ एकच पत्ता : १२७.०.०.१. हा यंत्राचा स्वतःचाच पत्ता. माझ्या प्रोग्रॅमच्या पुढ्यात त्याच यंत्रावर एन्जिनएक्स नावाचा मध्यस्थ प्रोग्रॅम बसवलेला होता. बाहेरची प्रत्येक विनंती तो घ्यायचा आणि मग आत द्यायचा. यालाच रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. आतल्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने सगळे अर्जदार मिळून एकच माणूस झाले होते.

यावरचा उपाय जुना आहे. प्रॉक्सी विनंती पुढे देताना ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ नावाच्या ओळीत लिहितो, की ही मला अमुक पत्त्यावरून मिळाली. ही प्रथा स्क्विड या प्रॉक्सीच्या कर्त्यांनी पाडली. सरकारी फाइल टेबलावरून टेबलावर जाते तेव्हा प्रत्येक कारकून ‘यांच्याकडून प्राप्त’ असा शेरा मारतो, तसंच हे. मात्र पहिला शेरा अर्जदार स्वतःच लिहून आणू शकतो! समजा, ओळ अशी आली :

१९२.०.२.१, २०३.०.११३.७, १०.०.०.५

बरेच प्रोग्रॅमर डावीकडचा पहिला पत्ता उचलतात, कारण ‘मूळ ग्राहक’ तिथे लिहिलेला असतो. पण ती जागा खोटं बोलणाऱ्याच्या हातात असते. दर विनंतीला तिथे नवा पत्ता लिहिला की मर्यादा कधीच लागू होत नाही. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या कुणाचा पत्ता लिहून त्याचा कोटा संपवता येतो.

म्हणून शेरे उजवीकडून वाचायचे. जोडणी खरोखर आपल्याच प्रॉक्सीकडून आली आहे का, हे आधी तपासायचं. तशी नसेल तर सगळे शेरे बाद. असेल तर उजवीकडचा शेरा आपल्या माणसाचा, म्हणून तो खरा : ‘१०.०.०.५कडून मिळाली’. तोही आपलाच दुसरा प्रॉक्सी आहे, म्हणजे त्याच्या डावीकडचा शेराही खरा : ‘२०३.०.११३.७कडून मिळाली’. हा पत्ता आपला नाही. इथे थांबायचं आणि हाच मोजायचा. त्याच्या डावीकडे काहीही लिहिलेलं असो, त्याला साक्षीदार नाही.

मग २०३.०.११३.७ हा तरी खरा कशावरून? आपला प्रॉक्सी त्याला ओळखत नाही, तरी त्या पत्त्यावर विश्वास ठेवता येतो. याचं कारण टीसीपी, म्हणजे इंटरनेटवरची दोन यंत्रं ज्या नियमांनी बोलतात त्या, जोडणीच्या रचनेत आहे, आणि मला ते विलक्षण सुंदर वाटतं. जोडणी तीन पावलांत होते. समोरचा म्हणतो, ‘बोलायचंय’. आपण उत्तरात ३२ बिटांचा एक आकडा पाठवतो. तो आकडा एकने वाढवून परत आला तरच जोडणी पक्की. समोरच्याने खोटा पत्ता लिहिला असेल तर आपलं उत्तर त्या खोट्या पत्त्याच्या खऱ्या मालकाकडे जातं आणि फसवणाऱ्याला आकडा दिसतच नाही. अंदाजाने सांगायचा तर शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक. अर्थात आकडा खरोखर अनपेक्षित हवा. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत काम करताना रॉबर्ट मॉरिस यांनी १९८५ साली दाखवून दिलं, की तेव्हाच्या बीएसडी युनिक्स या संगणकप्रणालीत तो ठरावीक पावलांनी वाढतो आणि आधीच ताडता येतो. पुढे या आकड्यात गुप्त किल्ली आणि हॅश (उलटं सोडवता न येणारं गणित) मिसळू लागले.

इतकं करूनही हाती येतो तो पत्ताच. मोबाइल कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. त्यांच्या आतल्या वापरासाठी २०१२ साली १००.६४.०.०पासून सुमारे ४२ लाख पत्ते राखून ठेवले गेले. आयपीव्ही६मध्ये, म्हणजे १२८ बिटांच्या नव्या पत्त्यांत, नेमकं उलटं होतं. एका घरच्या जोडणीला मिळणारा सर्वांत लहान तुकडा सहसा ६४ बिटांचा असतो, म्हणजे १८वर १८ शून्यं इतके पत्ते. तिथे पूर्ण पत्ता मोजणं फोल आहे. पहिले ६४ बिट घ्यायचे आणि ते सगळं घर एकच धरायचं.

माझ्या साइटवर त्या दिवशी दुरुस्ती दोन ओळींची निघाली. विश्वासू प्रॉक्सी म्हणून फक्त १२७.०.०.१ लिहिला आणि शेरे उजवीकडून वाचायला सांगितले. लॉगमध्ये वेगवेगळे पत्ते उमटू लागले. त्यातला एक मात्र दर मिनिटाला मर्यादेवर आपटत होता. चौकशी केली तर तो एका कॉलेजच्या संगणक कक्षाचा निघाला. तिथे चाळीस मुलं एकाच जोडणीवरून अर्ज भरत होती. मग लॉग-इन झालेल्यांची मोजणी पत्त्याऐवजी अर्ज क्रमांकावर नेली, आणि पत्त्याची मर्यादा फक्त लॉग-इनच्या पानापुरती ठेवून ती ६०वरून ६०० केली.