धूप-कापराने घरातली हवा शुद्ध होते?

‘तिन्हीसांजेला कापूर-धूप जाळला की घरातली प्रदूषित हवा शुद्ध होते’ हा समज घरोघरी आहे. वास पालटतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण धुरात २.५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण असतात आणि ते फुप्फुसात खोलवर जातात.

पडताळा घ्या: पेटत्या कापरावर सांडशीने स्टीलची वाटी पालथी धरा. आतल्या बाजूला काळीभोर काजळी धरते. हवेत तीच मिसळते. कण मोजणारं यंत्र असेल तर धुपाआधीचा आणि नंतरचा आकडा पाहा. (अशा बारीक कणांसाठी भारतात बाहेरच्या हवेतली २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे.)

पुण्यात हिवाळ्यात सांजेला थंड हवा जमिनीलगत अडकते, वाहनांचा धूरही तिथेच. म्हणून खिडक्या दुपारी उघडा. देवापाशी तुपाची बारीक वात पुरते.