भेदभावाची तक्रार मानवाधिकार आयोगाकडे कशी करायची?

गावातल्या सार्वजनिक विहिरीवर जातीमुळे पाणी भरू दिलं नाही, म्हणून चिडून कुणीतरी दिल्लीला अर्ज धाडतं. अर्जात सगळा राग अडवणाऱ्यांवर. इथेच गाडी अडते. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ समानतेला मानवी हक्क मानतो खरा, पण राष्ट्रीय मानवाधिकार आयोग चौकशी करतो ती लोकसेवकाची: त्याने हक्क डावलला का, किंवा डावलला जात असताना कानाडोळा केला का. त्याच प्रकरणात ठाण्यात अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद घेतली नसेल, तर तुमच्या अर्जाचा गाभा ‘फिर्याद घेतली नाही’ हाच.

‘आमच्या वस्तीवर फार अन्याय होतो’ असं लिहू नका. ‘अमुक तारखेला सकाळी अकराला ठाण्यात गेलो, ड्युटीवरच्या हवालदाराने अर्ज परत केला, पोच दिली नाही’ असं लिहा. मोघम, वाचता न येणारे आणि निनावी अर्ज आयोग बाजूला ठेवतो. दिवाणी वाद, नोकरीतली गाऱ्हाणी आणि कोर्टात चालू असलेली प्रकरणंही घेत नाही.

तक्रार पीडिताने स्वतः करावी किंवा त्याच्या वतीने कुणीही. वकील लागत नाही, फी नाही, स्टॅम्पही नाही. साध्या कागदावर मराठीत लिहिलेलं चालतं. घटनेपासून एक वर्षाच्या आत मात्र पाठवा. ‘तडजोड होईल’ म्हणत थांबणाऱ्यांचं वर्ष तिथेच जातं.

अर्जात पीडिताचं नाव-पत्ता, ठिकाण, तारीख, संबंधित अधिकारी किंवा कार्यालय, आणि मागणी काय ते लिहा. प्रकरण कोर्टात किंवा राज्य आयोगाकडे आहे का, हेही सांगा. पोलिसांना दिलेल्या अर्जाची प्रत, फोटो, दाखले हाताशी असतील ते जोडा. मूळ कागद मात्र पाठवू नका.

अर्ज टपालाने किंवा आयोगाच्या पोर्टलवरून करता येतो. मुंबईत राज्य मानवी हक्क आयोग आहे, गोव्यातही आहे. दोन्हीकडे एकदम अर्ज टाकू नका: राज्य आयोगापुढे प्रकरण असेल तर दिल्ली त्यात हात घालत नाही.

तक्रार दाखल झाली की मिळणारा क्रमांक जपून ठेवा. आयोग सरकारकडून अहवाल मागवतो, आणि दोष दिसला तर नुकसानभरपाईची किंवा कारवाईची शिफारस करतो. हुकूम नव्हे, शिफारस. त्यावर काय केलं, हे सरकारने एक महिन्यात कळवायचं असतं. तोवर पोलीस अधीक्षकांकडचा पाठपुरावा सोडू नका. आयोगाकडे गेल्याने तो रस्ता बंद होत नाही.